कवाचं ऊन हाय?

मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेतली पोरं मला पाठीमागं मिरची मॅडम म्हणतात. चित्रकलेची बाई म्हटलं की लोकांना वाटतं मवाळ असेल, फुलं-पाखरं काढत बसत असेल. डोंबल. बीड जिल्ह्यात सव्वीस वर्षं चित्रकला शिकवा आणि मग मवाळ राहून दाखवा. आमच्या तासाला गणिताचे सर येऊन बसतात, कारण त्यांचा पोर्शन राहिलेला असतो. कुणी पाहुणा येणार असला की मात्र सगळ्यांना मॅडम आठवतात. रांगोळी मॅडम, फळा मॅडम, दारावरचं सुस्वागतम् मॅडम.

पण आयुष्यात मी सगळ्यात जास्त चिडले ती एका माणसावर, आणि तेही त्याच्या एका प्रश्नामुळं. तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांनी सगळी हयात मेंढरं राखली. पालीच्या पलीकडं, बिंदुसरेच्या तलावाच्या वरच्या अंगाला आमचं गाव, आणि गावामागं माळ. लहानपणी मी कुठलंही चित्र काढलं की आधी त्यांना दाखवायची. ते काठी काखेत धरायचे, कागद दोन्ही हातांनी लांब धरायचे, बराच वेळ बघायचे आणि विचारायचे, "कवाचं ऊन हाय ह्ये?"

चांगलं नाही, वाईट नाही, शाब्बास नाही. कवाचं ऊन हाय. कागदाच्या कोपऱ्यात पिवळा गोळा आणि त्याला चार रेघा, एवढंच माझं ऊन. सकाळचं म्हटलं की ते म्हणायचे, "मंग सावल्या कुठायत?" दुपारचं म्हटलं की, "भर दुपारी मेंढरू चरतंय व्हय?" मी कागद ओढून घ्यायची आणि आत जाऊन रडायची. पुढं बक्षिसं मिळाली, नोकरी मिळाली, लग्न झालं, पोरं मोठी झाली. तरी मनात एक गोष्ट अडकून राहिली होती. आबांनी एकदा माझं चित्र हातात घ्यावं आणि मला काही न विचारता त्यातली वेळ सांगावी. पन्नाशी आली तरी ते झालेलं नव्हतं.

त्यांचं चुकत होतं असं नाही. मेंढरं राखणाऱ्याला ऊन हेच घड्याळ. दिस कासराभर वर आला की मेंढरं सोडायची. कासरा म्हणजे बैलाचा दोर, आभाळाच्या कडेपासून सूर्य तेवढा वर. सकाळचं ते कवळं ऊन. मग ते तापतं, मग रखरखतं, मग सावली पायाखाली जाते. त्या वेळी मेंढरं चरत नाहीत. गोळा होऊन उभी राहतात आणि प्रत्येक मेंढरू आपलं डोकं दुसऱ्याच्या पोटाखाली सावलीत घालतं. आमची मेंढरं काळी. लांबून बघितलं तर माळावर कुणीतरी घोंगडं टाकलंय असं वाटायचं. ऊन कललं की एक डोकं बाहेर निघायचं, मग दुसरं, आणि घोंगडं उसवत जायचं. "मेंढरं उलगडली की भाकरी घेऊन निघ," असं आई मला सांगायची, आणि मी दारात उभी राहून माळाकडं बघत राहायची.

बारावीनंतर मी एटीडी, म्हणजे चित्रकला-शिक्षकाची पदविका, करायला औरंगाबादला गेले, म्हणजे आत्ताच्या संभाजीनगरला. एके दिवशी आमच्या सरांनी खिडक्या लावून घेतल्या, भिंतीवर पांढरा पडदा टाकला आणि फ्रान्समधल्या चित्रकारांची चित्रं दाखवायला सुरुवात केली. उघड्यावर बसून, ऊन बघून चित्रं काढणारी ती माणसं. इंग्रजीत त्याला इम्प्रेशनिझम म्हणतात, मराठीत दृक्प्रत्ययवाद. हा शब्द म्हणताना माझी जीभ अजून अडखळते, पण परीक्षेला त्याचे मार्क असतात. एक चित्र पडद्यावर आलं आणि मी बाकावरून उठलेच. पडद्यावर आमची कडब्याची गंज होती.

गव्हाच्या पेंढ्यांची होती ती, कडब्याची नव्हती, आणि गंज परदेशातली होती. पण बूड रुंद, वर छपरासारखी निमुळती, शेतात एकटी उभी. सूर्य तिच्या मागं खाली गेलेला. गंजीची कड पेटल्यासारखी नारिंगी, आणि आपल्याकडची बाजू सावलीत. पण ती सावली काळी नव्हती. तिच्यात निळा होता, लाल होता, हिरवासुद्धा होता, सगळे फटकारे एकमेकांना खेटून. जमिनीवर पडलेली लांब सावली तर सरळ जांभळी. सर सांगत होते, या माणसानं एकच गंज पुन्हा पुन्हा काढली. सकाळची वेगळी, दुपारची वेगळी, बर्फातली वेगळी. ऊन बदललं की हातातलं चित्र बाजूला ठेवायचा आणि त्या उन्हाचं दुसरं पुढं घ्यायचा. मला वाटलं, हा माणूस आबांना भेटायला पाहिजे होता.

तेवढ्यात सर म्हणाले, "असा प्रकाश आपल्याकडं नाही. त्यांच्याकडचा प्रकाश कोवळा असतो, त्यात रंग दिसतात. आपल्याकडं ऊन मारतं. रंग मारून टाकतं. मराठवाड्यात काय आहे? वर पांढरं, खाली करडं."

मी खाली बसले. आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. त्या माणसाचा जन्म आमच्याकडचा, नोकरी आमच्याकडं, आणि शहराबाहेरच्या माळावर तो कधी दुपारी उभा राहिला नसेल. पण त्याच्यावर चिडून किती चिडू? मी मेंढपाळाची पोर. कवळं ऊन, कलतं ऊन, टळटळीत ऊन, तिरीप, सगळं माझ्या तोंडात होतं. मला हात वर करून बोलता आलं असतं. मी वहीत लिहून घेतलं, आपल्याकडं प्रकाश नाही.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. त्या चित्राची एक छापील प्रत मिळवली, खोलीत डोक्याशी चिकटवली आणि वार्षिक प्रदर्शनाला आमच्या गावची कडब्याची गंज काढली. गंज आमची, ऊन त्यांचं. मागं धुकं टाकलं, आमच्याकडं शिमग्याच्या सुमाराला कुणी धुकं बघितलंय का, पण टाकलं. लांब जांभळ्या सावल्या टाकल्या. आणि गंजीभोवती मेंढरं सोडली, चरणारी, इकडं तिकडं पांगलेली, काही डोकी एकमेकांत घातलेली, कारण ते छान दिसतं असं मला वाटलं. पहिला नंबर आला. सरांनी पाठ थोपटली.

मी आबांना पत्र टाकलं, या म्हणून. ते एसटीनं आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर घोंगडं, अंगाला मेंढरांचा वास. हॉलमध्ये पाहुणे होते, सर होते, चांगल्या घरातल्या माझ्या मैत्रिणी होत्या. आबा चित्रासमोर जाऊन उभे राहिले आणि सवयीनं दोन्ही हात पुढं केले. चित्र भिंतीवर होतं, म्हणून हात परत खाली घेतले. मला कळलं आता काय होणार. मी मनात म्हणत होते, नको, आज नको.

"कवाचं ऊन हाय ह्ये?" आबा म्हणाले. मेंढरांना हाक मारायची सवय असलेल्या माणसाचा आवाज तो, हॉलभर गेला.

सर हसत पुढं आले. "बाबा, हे ऊन नाही, हा प्रकाश आहे."

"मंग दिवा लावलाय व्हय?" आबांनी खरोखरच विचारलं. सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी बोटानं दाखवलं. "न्हाई, सावली सकाळची हाय. अन् ह्या मेंढरांनी डोसकी घातलीत, ती बाराची. अन् ही चरायलीत, ती चारची. एका टायमाला तिन्ही कशी?"

सगळे पुन्हा हसले, आणि मला वाटलं ते माझ्यावर हसतायत. मी आबांच्या जवळ गेले, दात आवळून म्हणाले, "आबा, तुमी भायेर बसा जरा."

ते गेले. कॉलेजच्या पायऱ्यांवर लिंबाखाली बसले, दिस मावळेपर्यंत. मी आत पाहुण्यांना सावली जांभळी का असते ते समजावून सांगत होते. परत जाताना मी त्यांना स्टँडवर सोडलं. त्यांनी घोंगड्यात बांधून आणलेले शेंगदाण्याचे लाडू माझ्या हातात दिले आणि एसटीत चढले. त्या दिवसाबद्दल ते पुढं कधीच बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

नोकरी लागली, आणि मग ती सावली मी पोरांना विकली. दुसरा शब्द नाही त्याला. वर्गात गेल्या गेल्या पहिला नियम, काळा रंग वापरायचा नाही. निळा आणि किरमिजी मिसळायचा, झाली सावली. कुणाच्या पेटीत काळी ट्यूब दिसली की मी काढून घ्यायची आणि कपाटात बिस्किटाच्या डब्यात टाकायची. कपाटाच्या दाराला आतून ती गंज चिकटवलेली, तीच प्रत. एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आमची मेंढरं काळी हायती. त्यांला कोणता लावू?" मी म्हटलं, गडद निळा. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं निळी मेंढरं काढली. सव्वीस वर्षांत आमच्या पंचक्रोशीत किती निळी मेंढरं झाली असतील, देव जाणे. परीक्षेत ग्रेड चांगली यायची, त्यामुळं कुणी काही बोललं नाही.

आता आत्ताचं सांगते. दोन वर्षांखाली आमचा माळ सौरऊर्जेच्या एका कंपनीला भाड्यानं दिला गेला. गावानं ठराव केला. बोटं वर करणाऱ्यांत मेंढरं राखणारा एकही नव्हता, कारण ग्रामसभा सकाळी होती आणि सकाळी मेंढरं सोडायची असतात. कंपनीचा साहेब एकदा आमच्या शाळेत आला. सभ्य माणूस, तरुण, पुण्याकडची बोली. मुख्याध्यापकांनी त्याची माझ्याशी ओळख करून दिली. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडचं ऊन फार उत्तम आहे. इतकं स्वच्छ ऊन फार कमी ठिकाणी मिळतं."

मला हसावं का त्याला झोडावं कळेना. ज्या उन्हाला कॉलेजात नावं ठेवली, ज्याची मी लाज बाळगली, त्याला आता उत्तम म्हणायला माणूस आला, आणि तो ते कुंपण घालून घेऊन जायला आला. मी म्हटलं, "हो का? आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." तो नम्रपणे हसला. त्याला वाटलं मी कौतुक केलं.

सिमेंटचे खांब आले, खांबांना चार पदरी तार आली, पॅनल मात्र अजून यायचेत. वरच्या माळावर जायची वाट तारेच्या आत गेली. आबा सत्त्याहत्तरचे. खालच्या खडकाळ बरडावर मेंढरं घेऊन त्यांनी एक पावसाळा काढला, मग मेंढरांची खांड विकून टाकली. चारच ठेवली. मी भडकले, म्हटलं तहसीलला जाऊ, अर्ज करू, एवढ्या वर्षांची वहिवाट आहे. ते म्हणाले, "कुणाकुणाशी भांडशील? तू शाळंत जा." आणि चार मेंढरं घेऊन तारेच्या कडेकडेनं फिरायला लागले.

गेल्या शिमग्याला मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. कंपनी शाळेला दोन पॅनल आणि काही कॉम्प्युटर देणार होती. आवळा देऊन कोहळा काढायचा, आणि आवळ्याचा कार्यक्रम करायचा, हार-तुरे घालायचे. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, शाळेतर्फे त्यांना एक निसर्गचित्र भेट देऊ. आपला माळ काढा. मोठं काढा."

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण मनात आलं, काढतेच. आत्तापर्यंत माळ काढला नाही, आता काढते, आणि असा काढते की आबा बघून वेळ सांगतील. कार्यक्रम गेला खड्ड्यात. मी हो म्हणाले.

सकाळची शाळा सुरू झालेली होती. दुपारी जेवले की मी चित्राची घोडी, बोर्ड, रंग आणि काळी छत्री घेऊन माळाच्या पायथ्याशी जाऊन बसायची. तिथंच आमची गंज आहे, यंदाच्या कडब्याची. कपाटातून ती जुनी प्रतही सोबत घेतली होती. पहिल्या दिवशी ती शेजारी ठेवली, निळा आणि किरमिजी मिसळला, ब्रश उचलला, गंजीच्या सावलीकडं बघितलं आणि हात थांबला. सावली जांभळी नव्हती.

मी उठून जवळ गेले. आमची जमीन मुरमाड, तांबूस. तिच्यावर पडलेली सावली भट्टीतून काढून गार केलेल्या विटेसारखी होती, आणि तिच्यावर आभाळाचा निळा अगदी पातळ, असून नसल्यासारखा. गंजीची सावलीतली बाजू तर थंड नव्हतीच. खालच्या मुरमावरचं ऊन उडून तिच्यावर येत होतं आणि कडबा आतून तापल्यासारखा दिसत होता, हळदी, गुळाच्या रंगाचा. वर पांढरं खाली करडं म्हणणाऱ्या त्या सरांना मानगूट धरून इथं उभं करायला पाहिजे होतं. पण त्यांच्याआधी मला. मी जन्मले इथं, वाढले इथं, आणि माझ्या दारातल्या सावलीचा रंग मला माहीत नव्हता.

मग त्या प्रतीकडं बघितलं. तो फ्रेंच माणूस काही जांभळा रंग शिकवत नव्हता. त्याच्या शेतात, त्याच्या गारठ्यात, त्याच्या सावलीत त्याला जांभळा दिसला म्हणून त्यानं जांभळा लावला. तो बघत होता. मी सव्वीस वर्षं त्याच्या बघण्याची नक्कल करत होते, आणि पोरांनाही करायला लावत होते. मला इतका संताप आला की मी मिसळलेला रंग तसाच पुसून टाकला आणि त्या दिवशी काहीच न काढता घरी आले.

पुढचे दहा-बारा दिवस मी रोज त्याच वेळी बसले. ऊन दम धरत नाही. अर्धा तास हातात, मग सावली सरकते, रंग बदलतो, थांबायचं. लोक जाता-येता बघायचे. एक जण म्हणाला, "मॅडम, मोबाइलवर फोटो काढा की, कावून उन्हात मरता?" मी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तो गेला. आबा लांब मेंढरं घेऊन असायचे. जवळ आले नाहीत. मीही बोलावलं नाही. पूर्ण झाल्याशिवाय दाखवायचं नव्हतं.

चित्र झालं. खाली गंज, मागं चढत गेलेला माळ, वर फिकट आभाळ, आणि उतारावर मेंढरं नुकती उलगडायला लागलेली, पहिलं डोकं बाहेर निघालेलं. मी ते शाळेत नेलं. मुख्याध्यापकांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"मॅडम, हे वाळलेलं दिसतंय."

"मार्च महिना आहे सर."

"ते खरं, पण पाहुण्यांसमोर दुष्काळ कशाला? थोडं हिरवं टाका. खाली तलावाचं पाणी टाका. एखादा मोर."

"माळावरून तलाव दिसत नाही सर, तो डोंगराच्या पलीकडं आहे."

"चित्रात दिसला तर काय बिघडलं? चित्र म्हणजे कल्पना."

"मग कल्पनेनंच घ्या," असं मी म्हणाले, चित्र उचललं आणि बाहेर पडले. पाठीमागून मॅडम, मॅडम ऐकू येत होतं. कार्यक्रमाला त्यांनी फ्लेक्स छापून आणला. हिरवेगार डोंगर, धबधबा, दोन हरणं, आणि त्यावर आमच्या गावाचं नाव. साहेबानं तो दोन्ही हातांनी घेतला, टाळ्या वाजल्या. कसला खोटेपणा, कसली लाचारी, असं मी घरी येऊन तासभर बडबडत होते. नवऱ्यानं चहा केला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी चित्र घेऊन आबांकडं गेले. ते अंगणात बाजेवर बसलेले. मी चित्र त्यांच्या हातात दिलं आणि उभी राहिले, आठवीतल्या पोरीसारखी. त्यांनी काठी काखेत धरली, चित्र लांब धरलं. आता नजर कमी झाली आहे, म्हणून जवळ घेतलं, परत लांब धरलं.

"साडेतीन," आबा म्हणाले.

मी बाजेच्या कडेला टेकले.

"साडेतीनला दहा-पाच कमीच. शिमगा होऊन गेलाय. वारं पडलंय." त्यांनी मेंढरांवर बोट ठेवलं. "हे आता निघालंय भायेर. ही बाकीची निघतील." मग गंजीच्या सावलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं बसलं तर गरमच लागल, पर बसता येईल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. एवढी वर्षं. मी चित्र घ्यायला हात पुढं केला, तर ते सोडेनात. अजून बघत होते.

"तार कुठाय?"

"काय?"

"तार. खांब. माळाला तार हाय न्हवं? ह्ये ऊन औंदाचं हाय. गंज औंदाची. मंग तार कुठं गेली?"

मी भडकले. "आबा, ती तार मी काढणार नाही. माळ त्यांनी घेतला, वाट घेतली, तुमची मेंढरं गेली. आता चित्रात पण घालू का त्यांना? मला नको ती तार माझ्या चित्रात."

"नको कावून? हाय ती."

"मला नकोय म्हणून."

आबा शांतपणे म्हणाले, "त्या हेडमास्तरला वाळलेलं नको, तुला तार नको. त्यानं हिरवं लावलं, तू पुसलं." मग चित्र माझ्या हातात देत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "जे नको ते भायेर बसवायचं, ही तुजी सवय जुनीच हाय, माय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. अठ्ठावीस वर्षं हे त्यांच्या पोटात होतं, आणि मला वाटत होतं ते विसरले. त्या पायऱ्या, तो लिंब, ते लाडू. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, आणि मी तर काल तासभर त्या कुसळावर भाषण दिलं होतं. राग कुणावर काढू हेच कळेना, म्हणून मी चित्र उचलून तरातरा निघून आले.

सोमवारी जेवून, चित्र घेऊन परत माळावर गेले. बिस्किटाच्या डब्यातल्या काळ्या ट्यूबा सोबत घेतल्या होत्या, पोरांकडून हिसकावलेल्या. बहुतेक वाळून दगड झाल्या होत्या, एक मऊ होती. ठरवलं होतं की तार काळीच काढायची, काळीकुट्ट, चार रेघा, बघणाऱ्याला टोचली पाहिजे. या वेळी मी आबांना हाक मारली. ते आले, माझ्या शेजारी मुरमावर घोंगडं टाकून बसले. त्यांची चार मेंढरं तारेपाशी उभी होती. पोटाखाली डोकी घालायला पुरेशी मेंढरं नव्हती, म्हणून चौघांनी सिमेंटच्या एका खांबाच्या सावलीत तोंडं घातली होती.

मी आधी चित्रात ते खांब काढले. मग ती चार मेंढरं काढली, काळी होती म्हणून काळी. चित्रातली बाकीची खांड आता माळावर नव्हती. ती मी रंगानं झाकून टाकली. आबा बघत होते. मग तारेसाठी ब्रश काळ्यात बुडवला आणि वर बघितलं.

तार काळी नव्हती. नवी तार, वर कललेलं ऊन. आख्ख्या माळावर डोळ्यांत खुपेल इतकं पांढरं दुसरं काहीच नव्हतं. मी ब्रश धुतला, पुसला, पांढऱ्यात थेंबभर पिवळा घेतला. गंजीच्या कडेवर नाही, आभाळात नाही, माझ्या चित्रात सगळ्यात जास्त ऊन त्या तारेवर होतं, आणि आबा शेजारी बसले होते म्हणून मी ते तसंच काढलं.